कलंक कोणाचा? आत्महत्या, मोबाईल अ‍ॅप आणि आपण

१

आत्महत्येभोवती समाजात जी लाज आहे, जी कुजबूज आणि दडवादडवी आहे, ती मोबाईल फोनमधल्या अ‍ॅपच्या साहाय्याने कमी करता येईल, असा विचार गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगात ठिकठिकाणी मांडला जात आहे. त्याप्रमाणे अनेक अ‍ॅप तयारही झाली आहेत. माणसाला मरावेसे वाटते हे तो आईबापाला सांगू शकत नाही, मित्राला सांगू शकत नाही, डॉक्टरकडे जायची लाज वाटते. तेव्हा निदान हातातल्या फोनला तरी त्याने ते सांगावे, अशी ही कल्पना आहे. या कल्पनेकडे आपण, म्हणजे दलित चळवळीतील कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक, कोणत्या दृष्टीने पाहणार?

दोन सोप्या वाटा आहेत. हे पांढरपेशांचे नवे खूळ आहे, आपला प्रश्न भाकरीचा आणि मानाचा आहे, असे म्हणून पाठ फिरवावी, ही पहिली. विज्ञानाने दिले ते सगळे चांगलेच, असे म्हणून डोळे मिटून स्वीकारावे, ही दुसरी. दोन्ही वाटा विचार टाळण्याच्या आहेत. माझे म्हणणे असे की, अ‍ॅप ही एक संहिता आहे. ती कोणीतरी लिहिलेली असते. लिहिणाऱ्याच्या मनात एक वाचक असतो. माणूस म्हणजे काय आणि दुःख म्हणजे काय याविषयी त्याची एक भूमिका असते. कथा-कवितेला जे प्रश्न आपण विचारतो तेच या संहितेलाही विचारले पाहिजेत. कोण बोलतो आहे? कोणाशी? आणि काय वगळून?

हा प्रश्न साहित्यिक चर्चेपुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आपले जीवन संपविले. त्यांत २२,७४६ महाराष्ट्रातील होती. कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. एकूण मृतांत रोजंदारीवर जगणाऱ्यांचे प्रमाण २६.४ टक्के होते, म्हणजे दर चारांत एकाहून अधिक. विद्यार्थ्यांची संख्या १३,०४४ होती. या अहवालात मृताचे शिक्षण असते, व्यवसाय असतो, उत्पन्न असते, वैवाहिक स्थिती असते. जातीचा तक्ता मात्र छापलेला नसतो. ज्या देशात जन्मापासून मसणवट्यापर्यंत माणसाची जात विचारली जाते, त्या देशात नेमक्या या एका कागदावर जात विचारली जात नाही. विचारली, तरी सांगितली जात नाही. हे मौन निरागस आहे, असे कोणी मानू नये.

२

प्रथम ‘कलंक’ हा शब्द तपासू. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांचे ‘स्टिग्मा’ हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. आज मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात कलंकाविषयी जी चर्चा होते, तिचे मूळ बऱ्याच अंशी या पुस्तकात आहे. गॉफमन सांगतात की, हा शब्द ग्रीकांचा. गुलाम, गुन्हेगार किंवा देशद्रोही कोण हे ओळखता यावे म्हणून त्यांच्या अंगावर कापून किंवा डागून खूण केली जाई, त्या खुणेचे हे नाव. पुढे ते कलंकाचे तीन प्रकार करतात. शरीरातील व्यंगाचा पहिला. स्वभावावर लावलेल्या डागांचा दुसरा. वंश, राष्ट्र, धर्म यांच्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारा तिसरा. दुसऱ्या प्रकारात ते जी उदाहरणे देतात त्यांत मनोविकार आहे, तुरुंगवास आहे, बेकारी आहे, आत्महत्येचा प्रयत्न आहे आणि जहाल राजकीय वर्तनही आहे.

ही यादी आपण नीट वाचली पाहिजे. विद्यापीठात शिकणाऱ्या, संघटनेत काम करणाऱ्या आणि मनाने खचलेल्या दलित विद्यार्थ्यावर यांतले किती डाग एकाच वेळी आहेत? जन्माचा आहे. ‘चळवळ्या’ म्हणून राजकारणाचा आहे. घरच्या बेकारीचा आहे. त्यात ‘डोके फिरले आहे’ हा आणखी एक. अंगावर खूण बाळगणे म्हणजे काय, हे आपल्याला ग्रीकांकडून शिकावे लागत नाही. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, याची आठवण बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये करून दिलेली आहे.

अ‍ॅप तयार करणारे कलंकाचा अर्थ काय घेतात? त्यांच्या मते कलंक म्हणजे गैरसमज. लोकांना ठाऊक नाही, म्हणून ते आत्महत्येचा विचार करणाऱ्याला भेकड किंवा वेडा समजतात. माहिती दिली की गैरसमज जाईल, गैरसमज गेला की कलंक जाईल. यात तथ्य मुळीच नाही असे नाही. मरणाविषयी विचारले तर माणसाच्या मनात मरणाचा विचार पेरला जातो, हा समज खोटा आहे. सरळ आणि आस्थेने विचारल्याने माणसाला मोकळे व्हायला मदतच होते. ‘बोलून दाखवतो तो करत नाही’ हाही समज खोटा आणि घातक आहे. ही माहिती घराघरात गेली पाहिजे. पण अस्पृश्यता हा गैरसमज होता काय? सवर्णांना माहिती कमी होती म्हणून चवदार तळ्याचे पाणी बंद होते काय? अस्पृश्यतेवर कोणाचा तरी फायदा उभा होता. जेथे कलंकातून कोणाचा तरी फायदा होतो तेथे तो केवळ माहितीने धुतला जात नाही. अ‍ॅपच्या संहितेतील हा पहिला वगळलेला भाग होय.

३

टीका करण्यापूर्वी अ‍ॅपच्या बाजूने जे बोलले पाहिजे ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. ब्रिटनमधील ‘स्टे अलाइव्ह’ किंवा ऑस्ट्रेलियातील ‘बियाँडनाऊ’ यांसारख्या अ‍ॅपचा गाभा म्हणजे ‘सुरक्षा आराखडा’. हा आराखडा बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तयार केला. आपले मन ढासळू लागले हे कोणत्या खुणांवरून ओळखायचे, त्या वेळी स्वतःला कसे सावरायचे, कोणाजवळ जाऊन बसायचे, कोणाला फोन करायचा, आजूबाजूची धोक्याची वस्तू कशी दूर करायची, हे सगळे माणसाने शांत असताना स्वतः लिहून ठेवायचे. कल्पना साधी आहे आणि शहाणी आहे. मरणाची उबळ बहुतेक वेळा लाटेसारखी येते आणि ओसरते. तेवढा वेळ माणूस तगला पाहिजे. त्या वेळात फोनवर दिसणारे चार ओळींचे स्वतःचेच अक्षर उपयोगी पडत असेल, तर त्याला आपण नाके मुरडण्याचे कारण नाही.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस किंबर्ली हा प्रदेश आहे. तेथील आदिवासी तरुणांसाठी ‘आयबॉब्ली’ नावाचे अ‍ॅप तयार करण्यात आले. लहान वस्तीत दवाखान्यात गेले की सगळ्यांना कळते. म्हणून लाजेपोटी तरुण मदतीकडे फिरकत नाहीत, हा अनुभव त्याच्या मुळाशी होता. त्यातली चित्रे, आवाज आणि गोष्टी त्या समाजाच्या होत्या. १८ ते ३५ वयाच्या ६१ जणांवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नैराश्य आणि मनाचा त्रास कमी झाला. मात्र आत्महत्येच्या विचारांच्या बाबतीत, अ‍ॅप मिळालेल्यांत आणि त्याची वाट पाहणाऱ्यांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. संशोधकांनी हे लपविले नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण आपल्याला त्यातून दोन धडे मिळतात. माणसाला आपल्या भाषेत, आपल्या चित्रांत दुःख सांगता आले तर ते थोडे हलके होते. आणि ज्यांची जमीन गेली, भाषा गेली, मुले हिरावून नेली गेली, त्यांच्या मरणाचे कारण पडद्यावर मावत नाही.

आपल्या देशातील उदाहरण याहून बोलके आहे. आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, अनुसूचित जमातींच्या खेड्यांसह, एक प्रयोग सुरू झाला आणि पुढे आंध्र व हरियाणातील ४४ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात त्याची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात अ‍ॅप होते, पण ते दुःखी माणसाच्या हातात नव्हते. ते आशाताईंच्या आणि डॉक्टरांच्या हातात होते. आशाताई घरी जाऊन विचारपूस करीत, मरणाचे विचार येतात काय हेही विचारीत, आणि गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत नेत. कलंक कमी करण्याचे काम पथनाट्याने, घरोघरच्या भेटींनी आणि स्वतः हे दुःख भोगलेल्या माणसाच्या तोंडच्या हकिकतीने केले. नैराश्याचे प्रमाण त्या गावांत खाली आले.

आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावातील कार्यकर्त्यांना शिकवून, गटसभा घेऊन, घरी जाऊन ते काम चालले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्षही २०१७ सालचे. तेथे कलंक उतरला असेल तर तो उंबरठ्यावर येऊन बसलेल्या माणसामुळे उतरला. यंत्र हे त्या माणसाच्या हातातील कंदील ठरू शकते. पण कंदील एकटा चालत दारात येत नाही.

४

एका वसतिगृहातली गोष्ट सांगतो. मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या फोनमध्ये असे एक अ‍ॅप होते. महाविद्यालयातील कार्यक्रमात पाहुण्यांनी सगळ्यांना घ्यायला लावले होते. ‘आज तुम्हाला कसे वाटते?’ असे ते रोज विचारी आणि पाच चेहरे दाखवी, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्याने मला ते दाखविले. म्हणाला, ‘सर, मी रोज मधला चेहरा दाबतो. रडका दाबला तर ते श्वास घ्यायला लावतं.’ मग त्याने त्याच फोनवर दुसरे पान उघडले. शिष्यवृत्तीचा अर्ज. आठ महिने झाले, अर्ज ‘प्रलंबित’. खानावळीचे पैसे थकलेले. कारकुनाने सगळ्यांसमोर विचारलेले, ‘फुकटचं शिकता, वर घाई कसली?’

एकाच फोनमध्ये दोन पाने. एक त्याला सांगते, खोल श्वास घे. दुसरे सांगते, थांब. दोन्ही पाने एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्या पानाला त्याचे दुःख त्याच्या मेंदूत दिसते, दुसऱ्याला तो केवळ एक क्रमांक दिसतो. त्या कारकुनाचे वाक्य कोणत्याच पानावर नाही. आणि त्याचा कोंडमारा नेमका त्या वाक्यात आहे.

मी असे म्हणत नाही की, शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली की नैराश्य नाहीसे होते. मनाचे आजार असतात. ते पैसेवाल्यांनाही होतात. त्यांना औषध लागते, समुपदेशन लागते, आणि ते आपल्या मुलांनाही मिळालेच पाहिजे. ‘आमचे दुःख सामाजिक आहे, आम्हांला मानसोपचार नकोत’ ही भूमिका घेऊन आपण आपल्या मुलांना एका हक्कापासून वंचित ठेवतो. माझे म्हणणे इतकेच की, दुःखाचे निदान करताना अर्धे कारण गाळले तर उपायही अर्धाच राहतो. शिवाय उरलेल्या अर्ध्याचा दोष दुःख भोगणाऱ्याच्या माथी बसतो. अ‍ॅप दिले, हेल्पलाइनचा क्रमांक दिला, तरी मुलगा खचला. म्हणजे त्याच्यातच काहीतरी कमी होते! कलंक पुसायला निघालेले साधन असा नवा कलंक लावते.

अ‍ॅप वापरायला फोन लागतो, आणि तो एकट्याचा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. घरात एक फोन, तो भावाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात. अशा घरातल्या मुलीने मनातले गुपित त्या फोनमध्ये लिहावे, हे सांगणाऱ्याने आपल्या वस्तीतले घर आतून पाहिलेले नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात. तेथे पडद्याचा उजेडही लपत नाही.

५

आता भाषेकडे येऊ, कारण संहितेची परीक्षा अखेर भाषेत होते. या अ‍ॅपचे मराठी बहुधा इंग्रजीतून उतरविलेले असते. ‘नैराश्य’, ‘चिंता’, ‘स्वतःची काळजी’, ‘सकारात्मक विचार’ असे शब्द तेथे येतात. आपली आई असे बोलत नाही. ती म्हणते, ‘जीव नकोसा झालाय.’ ‘कशात मन लागत नाही.’ ‘काळीज जळतंय.’ ‘अन्न गोड लागत नाही.’ ज्याला ‘जीव नकोसा झालाय’ हे वाक्य ऐकून सावध होता येत नाही, त्या अ‍ॅपला किंवा डॉक्टरला मराठी येते असे कसे म्हणावे?

‘आत्महत्या’ हा शब्दच पाहा. त्यात ‘हत्या’ आहे. म्हणजे मेलेला माणूस आपोआप मारेकरी ठरतो. कायदाही हेच म्हणत होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ प्रमाणे, मरणातून वाचलेला माणूस गुन्हेगार होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यावेत, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही. मात्र शासकीय सेवकावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केल्यास शिक्षा, असे कलम २२६ त्यात आहे. म्हणजे दुःख खाजगी असेल तर दया, आणि सरकारच्या दारात मांडले तर गुन्हा! कलंकाचे राजकारण यापेक्षा स्पष्ट कोठे दिसेल?

खेड्यात आपण ‘आत्महत्या केली’ असे क्वचितच म्हणतो. ‘जीव दिला’ म्हणतो. या बोलीत एक शहाणपण आहे. दिला म्हटले की विचारावेसे वाटते: कोणाला दिला? कोणी घेतला? हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. त्याची पाठ्यवृत्ती थकली होती, त्याला आणि चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून काढले होते, आणि त्यांनी विद्यापीठाच्या आवारातच उघड्यावर आपला ‘वेलिवाडा’ मांडला होता. त्यानंतर ‘संस्थात्मक हत्या’ हा शब्द देशभर गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. भिल्ल तडवी समाजातली, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. घरच्यांनी जातीय भेदभावाचा आरोप केला, संस्थेच्या समितीला त्याचा थेट पुरावा सापडला नाही. आणि मे २०२४ मध्ये पोलिसांच्या अहवालाने रोहित अनुसूचित जातीचा नव्हताच असे म्हटले. त्यावर संताप व्यक्त झाल्यानंतर पुढील तपास जाहीर करावा लागला. मेल्यावरही आपल्याकडे दाखला मागितला जातो.

‘संस्थात्मक हत्या’ हा शब्द आपल्या चळवळीने मिळविलेला आहे. तो सोडायचा नाही. ‘आत्महत्या’ या शब्दात जी संस्था लपत होती तिला त्याने उजेडात ओढले. तरीही समीक्षकाने आपल्या शब्दांनाही प्रश्न विचारला पाहिजे. या शब्दात मरणापूर्वीचे दिवस कोठे आहेत? तो मुलगा जेवत नव्हता, झोपत नव्हता, आपल्या सभांना येऊन मागे बसत होता, ते दिवस? संस्थेने त्याला लोटले हे खरे. पण त्याचा हात धरायला जी वेळ होती, ती आपलीही होती. ‘आत्महत्या’ हा शब्द संस्थेला सोडतो. ‘हत्या’ हा शब्द कधी कधी आपल्याला सोडतो.

६

येथून पुढचे बोलणे आपल्याच घरातले आहे आणि ते टोचणारे आहे. आत्महत्येविषयीचा कलंक केवळ सवर्ण समाजात नाही, तो आपल्या चळवळीतही आहे. जिवंतपणी मुलगा ‘मला जमत नाही’ म्हणाला तर आपण काय सांगतो? ‘बाबासाहेबांनी किती सोसले, तुला एवढे सोसत नाही?’ ‘वाघाची औलाद रडत नाही.’ आपल्याला वाटते, आपण धीर देतो आहोत. प्रत्यक्षात आपण त्याचे तोंड बंद करतो. सवर्ण म्हणतो, तू लायकीचा नाहीस. आपण म्हणतो, तू लेचापेचा आहेस. त्या मुलाने कोठे जावे? आणि तो मेला की आपणच त्याचे फलक लावतो, त्याला हुतात्मा म्हणतो. जिवंतपणी ज्याला रडायची परवानगी नव्हती त्याच्या मरणाला आपण फुले वाहतो. हे पाहणारा दुसरा खचलेला मुलगा यातून काय शिकेल? जगून आपल्याकडे कोणी पाहिले नाही, मरून पाहतील, हेच ना? म्हणून स्मृतिदिन करताना मरणाचे वर्णन, मरणाची छायाचित्रे, मरणाचा गौरव टाळला पाहिजे. त्याच्या जगण्याविषयी बोलावे. त्याच्या मागण्यांविषयी बोलावे.

वडोदऱ्याच्या कामाठी बागेतील झाड आपल्याला ठाऊक आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. दरवर्षी आपण तेथल्या संकल्पाची आठवण काढतो. पण चरित्रकार सांगतात की, संकल्पाच्या आधी ते झाडाखाली बसून रडले. ती आसवे आपण कार्यक्रमपत्रिकेतून वगळली आहेत. ती परत आणली पाहिजेत. देशातला सर्वांत विद्वान माणूस रडू शकतो आणि नंतर उठून देशाचे संविधान लिहू शकतो, ही गोष्ट वसतिगृहातल्या मुलाला कोणत्याही अ‍ॅपपेक्षा अधिक बळ देईल.

बुद्धाच्या विचारात दुःखाची लाज नाही. दुःख आहे, हे उघड बोलून तेथे आरंभ होतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी त्या दुःखाला माणसामाणसांतल्या व्यवहाराशी जोडले. आपण धम्म स्वीकारला. मग दुःख बोलून दाखविणाऱ्याला गप्प करणे, हे धम्माच्या कोणत्या शिकवणीत बसते?

७

तर अ‍ॅपचे काय करायचे? फेकून द्यायचे नाही. त्याच्याकडे मागणी करायची. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मराठीतूनही बोलता येते, पैसे पडत नाहीत. तिचे अ‍ॅप १० ऑक्टोबर २०२४ रोजी आले. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या, प्रत्येक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असला पाहिजे. तो वापरण्यात कमीपणा नाही. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राच्या सहभागाने चाललेल्या ‘आउटलिव्ह’ या उपक्रमात तरुणांनी तरुणांचे ऐकून घेण्याची कल्पना आहे. बहुजन तरुणांनी सुरू केलेला ‘द ब्लू डॉन’ हा गट जातीचे भान असलेल्या समुपदेशकापर्यंत आपल्या माणसांना पोचविण्याचे काम करीत आला आहे. हे सारे प्रयत्न आपण समजून घेतले पाहिजेत.

पण कोणत्याही अ‍ॅपचे स्वागत करण्यापूर्वी आपण त्याला चार प्रश्न विचारावेत. पहिला: ते ज्यांच्यासाठी आहे त्यांतले कोणी ते लिहिताना होते काय? किंबर्लीत होते, म्हणून तेथे निदान आवाज आपला वाटला. दुसरा: पडद्यामागे ऐकणारा माणूस आहे काय, आणि ‘जातीवरून बोलले’ हे वाक्य ऐकून तो ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ असे तर म्हणणार नाही ना? तिसरा: आत लिहिलेले कोणाकडे जाते? गुप्ततेचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे. ज्या मुलाची पाठ्यवृत्ती आणि खोली संस्थेच्या हातात आहे, त्याचे मन संस्थेच्या यंत्रणेत नोंदले जाणार असेल, तर तो नेहमी मधलाच चेहरा दाबणार. चौथा: अ‍ॅप देणारी संस्था आपल्या दारातले बदलणार आहे काय? शिष्यवृत्ती, समान संधी कक्ष, तक्रारीची दखल, राखीव जागा भरणे, यांतले काहीही न करता केवळ अ‍ॅप देणे म्हणजे भिंतीला भेग पडली असता तिच्यावर दिनदर्शिका टांगणे होय.

या चौथ्या प्रश्नासाठी आपल्या दोन माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी २०१९ साली, उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभाव थांबविण्यासाठी याचिका केली. पुढे २४ मार्च २०२५ रोजी, दुसऱ्या एका प्रकरणात, न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आणि आत्महत्या रोखण्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. या दोन माता लाजेने घरात बसल्या नाहीत. आपल्या मुलांची नावे त्यांनी लपविली नाहीत. कलंक मुलांचा नाही, संस्थांचा आहे, हे त्यांनी न्यायालयाच्या दारात उभे राहून सांगितले. आत्महत्येभोवतीचा कलंक कसा पुसावा याचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही चारजण कार्यालयात गेलो. कारकुनाला लेखी उत्तर मागितले. खानावळीचे पैसे गोळा केले. एका मित्राने त्याच्या खोलीत पंधरा दिवस मुक्काम केला, आणि त्याला सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात आम्ही सोबत घेऊन गेलो. तो आज शिकतो आहे. अ‍ॅप अजून त्याच्या फोनमध्ये आहे. सुरक्षा आराखड्यात जेथे ‘कोणाला फोन कराल?’ असे विचारलेले असते तेथे पूर्वी रिकामी जागा होती. आता तीन नावे आहेत. अ‍ॅपने जागा आखून दिली. नावे मात्र माणसांनाच व्हावे लागते. आपल्या वसतिगृहातल्या, वर्गातल्या, शाखेतल्या कोणाच्या रिकाम्या जागेत आपले नाव आहे, एवढे हे पान मिटण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे.